सिम्युलेशन मॉडेलला तबकड्या, दिवे आणि नियंत्रणे जोडताना

सिम्युलिंक या ब्लॉक जोडून यंत्रणांचे सिम्युलेशन करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या यंत्रणेचे मॉडेल उभे राहिले आणि आलेख अपेक्षेप्रमाणे येऊ लागले, की पुढची मागणी ठरलेली असते: ज्याने हे मॉडेल बनवलेले नाही त्यालाही ते चालवता आले पाहिजे आणि चालताना काय घडते आहे ते एका नजरेत कळले पाहिजे. स्कोपमधल्या, म्हणजे आलेख दाखवणाऱ्या ब्लॉकमधल्या, रेषा अभियंत्याला पुरतात. पण सोसायटीच्या सचिवाला, कारखान्यातल्या ऑपरेटरला किंवा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला काटा, दिवा आणि फिरवण्याची कळ हवी असते. एकेकाळी त्यासाठी तबकड्यांचा संच वेगळा विकत घ्यावा लागे. तो मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्हएक्स या तंत्रावर आधारलेला होता, म्हणून फक्त विंडोजवर चालत असे. २०१५ सालच्या आर२०१५ए आवृत्तीपासून डॅशबोर्ड नावाची लायब्ररी सिम्युलिंकच्या पोटातच आली आणि हे काम पुष्कळ सोपे झाले. मात्र वाईट डॅशबोर्ड बनवणेही त्यामुळे तितकेच सोपे झाले.

ही लायब्ररी वापरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. डॅशबोर्डमधल्या कुठल्याही ब्लॉकला पोर्ट, म्हणजे तार जोडण्याची टोके, नसतात. त्याच्याकडे जाणारी किंवा त्याच्यापासून निघणारी तार काढता येत नाही. दाखवणारा ब्लॉक, मग ते गेज (काटा असलेली तबकडी) असो, दिवा असो वा डॅशबोर्ड स्कोप, मॉडेलमधल्या एखाद्या सिग्नलकडे बाहेरून पाहत असतो. नियंत्रण करणारा ब्लॉक, म्हणजे स्लायडर, नॉब किंवा स्विच, मॉडेलमधल्या दुसऱ्या एखाद्या ब्लॉकचे पॅरामीटर बदलतो. तो स्वतः सिग्नल निर्माण करत नाही. त्यामुळे जे सिग्नल म्हणून मॉडेलमध्ये अस्तित्वातच नाही ते दाखवता येत नाही, आणि जे पॅरामीटर म्हणून उघडे ठेवलेले नाही ते फिरवता येत नाही. डॅशबोर्डचे निम्म्याहून अधिक काम तबकडी ठेवण्याच्या आधी, मॉडेलमध्येच करायचे असते.

उदाहरणाचे मॉडेल

पुढील सर्व विवेचनासाठी एका गृहनिर्माण सोसायटीची पाणीव्यवस्था घेऊ. जमिनीखाली ३० हजार लिटरची टाकी आहे, तिचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर आणि उंची २ मीटर. गच्चीवर २० हजार लिटरची टाकी आहे, क्षेत्रफळ १० चौरस मीटर आणि उंची तितकीच. नगरपालिकेचे पाणी सकाळी ६ ते ८ या वेळात मिनिटाला २५० लिटर या दराने खालच्या टाकीत पडते. मोटर मिनिटाला २०० लिटर पाणी वर चढवते. खप सरासरी मिनिटाला २० लिटर धरला, म्हणजे दिवसाला २८,८०० लिटर. माणशी १३५ लिटरच्या प्रचलित निकषाने हे पाणी सुमारे दोनशे रहिवाशांना पुरते. खप दिवसभर सारखा नसतो हे उघड आहे, पण तो कमीजास्त करण्याचे काम आपण स्लायडरवर सोडणार आहोत.

गणित सरळ आहे. टाकीत येणाऱ्या पाण्यातून जाणारे पाणी वजा करावे, क्षेत्रफळाने भागावे आणि इंटिग्रेटर, म्हणजे काळानुसार बेरीज करत जाणाऱ्या ब्लॉकमधून काढावे, की पातळी मिळते. प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये असल्यामुळे तो सेकंदाला घनमीटरमध्ये आणण्यासाठी १ भागिले ६०,००० एवढा गेन, म्हणजे गुणक, लागतो. मॉडेलची वेळ सेकंदांतच ठेवावी आणि थांबण्याची वेळ ८६,४०० द्यावी. सुरुवात मध्यरात्री झाली असे मानू. दोन्ही इंटिग्रेटरची आरंभीची किंमत १ मीटर, आणि दोन्हींना खाली ० व वर २ मीटर अशी मर्यादा. नगरपालिकेच्या पाण्यासाठी पल्स जनरेटर पुरतो: उंची २५०, आवर्तन ८६,४०० सेकंद, रुंदी आवर्तनाच्या ८.३३ टक्के, आणि विलंब २१,६०० सेकंद.

मोटर आपोआप चालू-बंद करण्यासाठी रिले, म्हणजे चालू आणि बंद होण्याचे बिंदू वेगवेगळे असलेला स्विचचा ब्लॉक, घ्यावा. वरची पातळी ०.५ मीटरच्या खाली गेली की मोटर सुरू व्हावी आणि १.८ मीटरला बंद व्हावी, असे हवे आहे. इथे थोडे उलटे विचार करावे लागते. सिम्युलिंकचा रिले इनपुट वाढल्यावर 'ऑन' होतो, तर आपल्याला पातळी वाढल्यावर मोटर बंद हवी आहे. म्हणून ऑन होण्याचा बिंदू १.८, ऑफ होण्याचा बिंदू ०.५, ऑन असताना आउटपुट ० आणि ऑफ असताना १ असे भरावे. आरंभीची पातळी या दोन बिंदूंच्या मधे असेल तर रिले ऑफ धरला जातो, म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये मध्यरात्री मोटर चालू अवस्थेत सुरुवात होईल.

खालची टाकी कोरडी पडली की मोटर थांबली पाहिजे. ही अट विसरली तर मॉडेल गप्पपणे खोटे बोलते: खालचा इंटिग्रेटर शून्यावर अडकतो, पण वरच्या टाकीत मिनिटाला २०० लिटर पाणी येतच राहते, आणि गेजवर सगळे आलबेल दिसते. त्यासाठी खालच्या पातळीवर दुसरा रिले लावावा, ०.४ मीटरला ऑन आणि ०.२ मीटरला ऑफ, आणि त्याचे आउटपुट मोटरच्या आज्ञेला प्रॉडक्ट ब्लॉकमध्ये गुणावे. नुसती तुलना करणारा ब्लॉक इथे लावू नये. पाणी अगदी सीमेवर असताना मोटर क्षणोक्षणी चालू-बंद होऊ लागते, आणि पडद्यावर लुकलुकणारा दिवा पाहून बघणाऱ्याला वाटते की बिघाड डॅशबोर्डमध्ये आहे.

दाखवण्यासाठी मॉडेल तयार करणे

आता प्रत्येक महत्त्वाच्या सिग्नलला नाव द्यावे. जोडणी करताना सिम्युलिंक निवडलेल्या सिग्नलांची यादी दाखवते, आणि त्या यादीत 'सम : १', 'गेन ४ : १' अशी नावे असली की चुकीचा सिग्नल जोडला जाण्याची शक्यता वाढते. गेज आणि दिवा एका वेळी एकच, वास्तव आणि अदिश किंमत दाखवू शकतात. म्हणून दोन्ही पातळ्या एकत्र करून सदिश सिग्नल बनवला असेल तर तो आधी वेगळा करावा. संदर्भ म्हणून जोडलेल्या उपमॉडेलच्या आतल्या सिग्नलला डॅशबोर्डचा ब्लॉक जोडता येत नाही, तेव्हा तो सिग्नल आउटपोर्टने वरच्या पातळीवर आणावा. ब्लॉक कमी करण्याच्या किंवा अन्य ऑप्टिमायझेशनच्या ओघात एखादा सिग्नल गाळला गेला असेल तर जोडणी बरोबर असूनही काटा हलत नाही. अशा सिग्नलला टेस्ट पॉइंट करावे, म्हणजे तो गाळला जात नाही.

दाखवायची राशी कोणत्या एककात दाखवायची हेही इथेच ठरवावे. मॉडेलला मीटर लागतात, पण सोसायटीत कोणी 'पाणी १.३ मीटर आहे' असे म्हणत नाही. 'अर्धी टाकी', 'पाऊण टाकी' असे म्हणतात. पातळीच्या सिग्नलला फाटा काढून ५० चा गेन दिला की टाकी किती टक्के भरली ते मिळते, आणि गेज त्या सिग्नलला जोडावे. फाट्यावरचा हा गेन एखाद्या टर्मिनेटरवर संपवावा, म्हणजे सुटी तार राहिल्याची सूचना येत नाही.

दिव्यासाठी आणखी एक तयारी लागते. दिव्याच्या प्रत्येक अवस्थेला एक किंमत आणि एक रंग नेमलेला असतो. जुन्या आवृत्त्यांत ही किंमत नेमकी जुळावी लागते, त्यामुळे ०.४९९९ अशी सतत बदलणारी राशी थेट दिव्याला जोडली तर तो जवळजवळ कधीच पेटत नाही. नव्या आवृत्त्यांत पल्ला देता येतो, तरीही इशाऱ्याची अट मॉडेलमध्येच तुलनेच्या ब्लॉकने काढून ० किंवा १ असा सिग्नल दिव्याला द्यावा, असे माझे मत आहे. मर्यादा दिव्याच्या खिडकीत दडून बसली की सहा महिन्यांनी ती कोणालाच सापडत नाही.

टाकी ओसंडून वाहते आहे का, हे ओळखण्याची सोय इंटिग्रेटरमध्येच आहे. मर्यादा घातलेल्या इंटिग्रेटरला सॅच्युरेशन पोर्ट दाखवायला सांगितले, की वरच्या मर्यादेवर असताना १, खालच्या मर्यादेवर असताना उणे १ आणि एरवी ० असा सिग्नल मिळतो. गच्चीवरच्या टाकीचा हा १ म्हणजे पाणी वाहून चालले आहे, म्हणून तो दिव्याला जोडावा. खालच्या टाकीचा १ मात्र धोक्याचा नाही. तिथे फ्लोट व्हॉल्व्हने नगरपालिकेचे पाणी अडवले आहे एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही टाक्यांना एकसारखा लाल दिवा लावला तर रोज सकाळी विनाकारण धावपळ होईल.

वाया गेलेले पाणी गेजवर दिसत नाही, कारण काटा १०० टक्क्यांवर स्थिर असतो. पाच मिनिटे वाहिले काय आणि पाच तास वाहिले काय, चित्र तेच राहते. त्यासाठी सॅच्युरेशनचा सिग्नल १ असताना वरच्या टाकीतला जादा प्रवाह मोजणारा तिसरा इंटिग्रेटर लावावा आणि त्याचे लिटरमधले उत्तर डिस्प्ले ब्लॉकला जोडावे. या एका आकड्याचा बघणाऱ्यावर जो परिणाम होतो तो सुंदर तबकडीचा होत नाही.

वेळेचा वेग

बहुतेकांचा पहिला प्रयत्न इथे फसतो. एवढे लहान मॉडेल संगणक डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पूर्ण करतो. काटा सुरुवातीच्या जागेवरून शेवटच्या जागेवर उडी मारतो, आणि स्लायडर हलवायला वेळच मिळत नाही. यावर उपाय म्हणजे सिम्युलेशन पेसिंग. रनच्या बटणाखालच्या यादीतून त्याची खिडकी उघडावी, पेसिंग चालू करावे आणि घड्याळाच्या एका सेकंदात मॉडेलचे किती सेकंद जावेत ते भरावे. ६०० दिले की एका सेकंदात दहा मिनिटे सरतात आणि अख्खा दिवस १४४ सेकंदांत संपतो, जो प्रात्यक्षिकाला अगदी योग्य आहे. पेसिंग मॉडेलला फक्त सावकाश करते. मॉडेल मुळातच त्याहून मंद असेल तर ते वेगवान होत नाही, आणि हार्डवेअरशी जोडण्यासाठी लागणारी काटेकोर रिअल-टाइम हमीही त्यात नसते.

एवढ्याने भागत नाही. बदलत्या पायरीचा सॉल्व्हर (समीकरणे वेळेच्या पायऱ्यांनी सोडवणारा भाग) घेऊन कमाल पायरी 'ऑटो' ठेवली असेल, तर ती एकूण कालावधीच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे आपल्या उदाहरणात १,७२८ सेकंद असते. पातळी सरळ रेषेत वाढते आहे हे सॉल्व्हरला कळले की तो एवढ्या लांब उड्या निर्धास्तपणे घेतो. उत्तर चुकत नाही, पण पेसिंगनुसार जवळजवळ तीन सेकंद काटा जागेवर थिजतो आणि मग एकदम सरकतो. कमाल पायरी ३० सेकंद केली की घड्याळाच्या दर सेकंदाला वीस नव्या किमती येतात आणि काटा सलग फिरतो. गणिताच्या दृष्टीने ही लहान पायरी अनावश्यक आहे. ती केवळ डोळ्यांसाठी आहे, आणि रात्रभर चालवायच्या मोठ्या अभ्यासात ती काढून टाकावी.

गेज आणि दिवे जोडणे

लायब्ररी ब्राउझरमधून डॅशबोर्ड विभाग उघडून गेज मॉडेलवर ओढावे. जुन्या आवृत्तीत ब्लॉकवर दोनदा क्लिक केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत जोडणीचा तक्ता असतो. ती खिडकी उघडी ठेवून मॉडेलमधल्या सिग्नलच्या तारेवर क्लिक करावे, तक्त्यात त्याचे नाव येते, ते निवडून अप्लाय करावे. नव्या आवृत्तीत न जोडलेल्या ब्लॉकवर पॉइंटर नेला की कनेक्टचे बटण दिसते. ते दाबून तार निवडली आणि यादीतल्या नावावर खूण केली की काम होते. तारेऐवजी चुकून ब्लॉक निवडला तर सिग्नलऐवजी त्याची पॅरामीटरे यादीत येतात, आणि गेज निमूटपणे एखाद्या स्थिर किमतीला जोडले जाते.

टाकीसाठी गोल तबकडीपेक्षा सरळ गेज बरे, कारण पाणी वर चढते आणि खाली उतरते; नव्या आवृत्त्यांत उभे गेजही मिळते. गोल तबकडी मोटरच्या प्रवाहासाठी ठेवावी. किमान, कमाल आणि खुणांमधले अंतर हे तिन्ही आपण भरावे. मूळ ० ते १०० हा पल्ला टक्क्यांना योगायोगाने चालतो, पण ० ते २०० लिटरच्या प्रवाहाला तो घातक आहे, कारण काटा शेवटच्या खुणेला टेकून राहतो आणि प्रत्यक्ष किंमत कुठवर गेली ते कळत नाही. नेहमीच्या कमाल किमतीच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे मोटरसाठी ० ते २५०.

रंगांविषयी जरा सविस्तर बोलायला हवे, कारण इथे हात सैल सुटतो. गेजच्या पट्टीला हवे तितके रंग देता येतात, आणि म्हणून पुष्कळ डॅशबोर्ड होळीसारखे दिसतात. नियंत्रण कक्षांच्या पडद्यांसाठी असलेले आयएसए-१०१ हे मानक २०१५ साली आले. या क्षेत्रातला आता रुळलेला विचार असा की पार्श्वभूमी फिकट राखाडी असावी, सर्वकाही ठीक असताना पडदा जवळजवळ बेरंग दिसावा आणि रंग फक्त लक्ष वेधण्यासाठी राखून ठेवावा. आपल्या टाकीसाठी ० ते १५ टक्के लाल, १५ ते २५ टक्के पिवळा, २५ ते ९० टक्के बिनरंगाचा, आणि त्यापुढे पुन्हा पिवळा एवढे पुरे. यातले २५ आणि ९० हे आकडे रिलेच्या ०.५ आणि १.८ मीटरवरूनच आलेले आहेत. पुढे रिलेचे बिंदू बदलले तर पट्टीचे आकडे आपोआप बदलत नाहीत, ते हाताने बदलावे लागतात.

दिव्याच्या रंगाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या मानकांनुसार लाल म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे सुरळीत. पण स्विचगिअरच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांच्या, जुन्या रीतीत ब्रेकर चालू, म्हणजे पुढे विद्युतदाब आहे, तेव्हा लाल दिवा लागतो आणि बंद असताना हिरवा. ज्यांनी सबस्टेशनवर आयुष्य काढले त्यांना तुमचा हिरवा 'मोटर चालू' दिवा उलटाच वाटेल. बघणारा कोण आहे हे विचारून मगच रंग ठरवावेत, आणि प्रत्येक दिव्याखाली 'मोटर चालू', 'खालची टाकी रिकामी', 'टाकी वाहते आहे' अशी अक्षरे लिहावीतच. लाल आणि हिरवा यांतला फरक न ओळखू शकणारा माणूस प्रत्येक खोलीत असण्याची शक्यता धरून चालावे. ही लेबले देवनागरीत लिहिण्यास हरकत नाही. व्हेरिएबलची नावे मात्र रोमन अक्षरांतच द्यावी लागतात.

डॅशबोर्ड स्कोपमध्ये दोन्ही टाक्यांची टक्केवारी एकत्र ठेवावी आणि त्याचा काळाचा पल्ला ८६,४०० सेकंद द्यावा. काटा आत्ताची स्थिती सांगतो, पण पाणी कधीपासून उतरते आहे हे रेषाच सांगते.

नियंत्रणे जोडणे

खपासाठी एक कॉन्स्टंट ब्लॉक ठेवावा, त्याची किंमत थेट २० अशी लिहावी, आणि स्लायडर त्या ब्लॉकच्या 'व्हॅल्यू' या पॅरामीटरला जोडावा. पल्ला ० ते ६०. किंमत म्हणून एखाद्या अॅरेचा घटक लिहिलेला असेल, म्हणजे व्हेरिएबलच्या नावापुढे कंसात अनुक्रमांक असेल, तर ते पॅरामीटर जोडणीच्या तक्त्यात येतच नाही.

मोटरच्या अवस्थेसाठी रोटरी स्विच शोभतो, कारण खऱ्या पॅनेलवरही 'बंद', 'चालू', 'ऑटो' अशी फिरवायची कळ असते. त्याला १, २ आणि ३ या किमती देऊन दुसऱ्या कॉन्स्टंटला जोडावे, आणि तो कॉन्स्टंट मल्टिपोर्ट स्विचच्या वरच्या, नियंत्रणाच्या इनपुटला द्यावा. पहिल्या डेटा पोर्टवर ०, दुसऱ्यावर १ आणि तिसऱ्यावर रिलेचे आउटपुट. मोजणी १ पासून धरायची हीच या ब्लॉकची मूळ मांडणी असल्यामुळे किमती ०, १, २ देऊ नयेत. कोरड्या टाकीची अट स्विचच्या पुढे, म्हणजे तिन्ही अवस्थांना लागू होईल अशी ठेवायची की फक्त ऑटोला, हा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा. मी ती पुढे ठेवतो; पण प्रत्यक्ष पॅनेलमध्ये मॅन्युअलवर टाकल्यावर फ्लोटची अट डावलली जात असेल, तर मॉडेलनेही तसेच वागले पाहिजे, नाहीतर शिकणारा खोटा दिलासा घेऊन जाईल.

सिम्युलेशन चालू असताना सगळीच पॅरामीटरे बदलता येत नाहीत. गेन, कॉन्स्टंटची किंमत, मर्यादा अशा गोष्टी बदलता येतात. सॅम्पल टाइम किंवा इनपुटांची संख्या यांसारख्या गोष्टी, ज्यांवर मॉडेलची रचनाच ठरते, त्या बदलता येत नाहीत. इंटिग्रेटरची आरंभीची किंमत मधेच बदलून पातळी बदलत नाही, कारण ती फक्त सुरुवातीला किंवा रीसेट झाल्यावर वाचली जाते. 'टाकी पुन्हा अर्धी करा' असे बटण हवे असेल तर इंटिग्रेटरला बाहेरून रीसेटचे पोर्ट द्यावे आणि पुश बटण त्या पोर्टला जाणाऱ्या कॉन्स्टंटला जोडावे.

स्लायडरने केलेला बदल मॉडेलमध्येच लिहिला जातो, हेही ध्यानात ठेवावे. प्रात्यक्षिकात कोणी खप ५५ वर नेऊन ठेवला आणि मॉडेल तसेच जतन केले, तर दुसऱ्या दिवशी ५५ नेच सुरुवात होते. मूळ किमती पुन्हा भरणारी लहानशी स्क्रिप्ट मॉडेल उघडताना आपोआप चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये घालून ठेवली की हा प्रश्न मिटतो.

त्याहून मोठी अडचण नोंदीची आहे. आलेखात पातळी अचानक घसरलेली दिसते, पण त्या क्षणी कोणी स्लायडर किती सरकवला हे कुठेच लिहिलेले नसते, आणि तो प्रयोग पुन्हा तसाच करता येत नाही. त्यासाठी कॉन्स्टंटच्या पुढे ३० सेकंदांचा झिरो-ऑर्डर होल्ड (ठरावीक अंतराने किंमत वाचून धरून ठेवणारा ब्लॉक) ठेवून त्याचे आउटपुट लॉग करावे. मोटरच्या स्विचचेही तसेच. मग प्रत्येक हालचाल पातळीच्या शेजारी नोंदली जाते.

चालवून पाहणे

जोडणी झाल्यावर काय दिसायला हवे ते आधी कागदावर काढावे. ऑटोवर आणि २० लिटर खपावर मोटर सुरुवातीलाच चालू असेल. वरच्या टाकीत मिनिटाला १८० लिटरची भर पडून ८ हजार लिटर भरायला सुमारे ४४ मिनिटे लागतील, म्हणजे पडद्यावर साडेचार सेकंदांच्या आत मोटरचा दिवा विझेल. तोवर खालची टाकी २० टक्क्यांवर आलेली असेल. छत्तिसाव्या सेकंदाला सकाळचे सहा वाजतील, खालचा काटा चढू लागेल, आणि मॉडेलच्या घड्याळात साडेसात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास तो वर टेकेल. वरच्या टाकीतले १३ हजार लिटर संपायला १० तास ५० मिनिटे लागतात, त्यामुळे मोटर पुन्हा सुरू होण्याची वेळ सकाळी साडेअकराच्या थोडी पुढची, म्हणजे पडद्यावर साधारण सत्तराव्या सेकंदाला. हे टप्पे जुळले नाहीत तर दोष तबकडीत शोधू नये. बहुतेक वेळा एककांचा गेन किंवा रिलेचे उलटसुलट बिंदू कारणीभूत असतात. त्यानंतर स्विच 'चालू'वर नेऊन टाकी वाहू द्यावी, आणि खप ६० वर नेऊन खालची टाकी कोरडी होते का ते पाहावे.

विमानाच्या उपकरणांविषयी थोडेसे

सिम्युलिंकचा एरोस्पेस ब्लॉकसेट हा विमानांसाठीचा जोडसंच असेल तर त्यात विमानाच्या कॉकपिटमधली उपकरणे वेगळ्या लायब्ररीत मिळतात: वेगदर्शक, उंचीमापक, कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक, चढ-उताराचा दर, वळण दाखवणारे उपकरण आणि इंजिनाचे फेरे. जोडण्याची रीत तीच. फरक एककांचा आहे, आणि तो मोठा आहे. उड्डाणाचे मॉडेल सहसा मीटर, सेकंद आणि रेडियनमध्ये लिहिलेले असते. उपकरणे मात्र वैमानिकाच्या सवयीची एकके बोलतात. सेकंदाला मीटरमधला वेग १.९४४ ने गुणून नॉट करावा, उंची ३.२८१ ने गुणून फूट करावी, आणि चढण्याचा दर १९६.८५ ने गुणून मिनिटाला फूट करावा. कृत्रिम क्षितिजाला कलण्याचा आणि नाक वर-खाली होण्याचा कोन अंशांत लागतो. रेडियन दिले तर तीस अंशांच्या वळणातही क्षितिज जेमतेम अर्धा अंश हलते आणि विमान दगडासारखे स्थिर वाटते. वेगदर्शकाच्या कमानींना ठरलेले अर्थ आहेत, तिथे स्वतःची रंगसंगती चालवू नये. सेसना १७२एस विमानासाठी पांढरी कमान ४० ते ८५ नॉट, हिरवी ४८ ते १२९, पिवळी १२९ ते १६३ आणि लाल रेघ १६३ वर असते.

मोफत पर्याय आणि सुपूर्द करणे

ज्यांच्याकडे सिम्युलिंकचा परवाना नाही त्यांना सायलॅब या मोफत गणिती सॉफ्टवेअरच्या एक्सकॉस या मॉडेल बांधण्याच्या साधनात हेच मॉडेल बांधता येईल. तिथे सोर्सेस पॅलेटमध्ये टीके-स्केल नावाचा स्लायडर आणि सिंक्समध्ये चालू किंमत आकड्यांत दाखवणारा ब्लॉक मिळतो. तबकड्यांची चैन मात्र नाही. एक्सकॉसमधला स्लायडर खराखुरा स्रोत आहे, त्याला आउटपुट पोर्ट असते आणि तो ठरावीक क्षणी घड्याळाच्या ब्लॉकने जागा करावा लागतो. म्हणून वर सांगितलेली कॉन्स्टंट ब्लॉकची वाट तिथे लागत नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब आणि ओपनमॉडेलिका यांचा प्रसार महाविद्यालयांतून बराच केला आहे, त्यामुळे शिकण्याचे साहित्य मिळणे कठीण नाही.

मॉडेल उघडून न दाखवता केवळ पडदा कोणाच्या हाती द्यायचा असेल, तर डॅशबोर्ड ब्लॉकऐवजी आर२०१६ए पासून असलेल्या अॅप डिझायनरमध्ये तीच गेज, नॉब आणि दिवे वापरून वेगळी खिडकी बनवावी. मेहनत जास्त पडते, पण मॉडेलच्या तारा कोणाच्या हातून चुकून तुटत नाहीत. मॉडेलसकटच द्यायचे असेल तर गणिताचे सगळे ब्लॉक एका सबसिस्टिममध्ये आत ठेवावेत आणि वरच्या पातळीवर फक्त डॅशबोर्ड असावा: डावीकडे नियंत्रणे, उजवीकडे दोन टाक्या एकीखाली एक, गच्चीवरची वर आणि जमिनीखालची खाली, आणि तिन्ही दिवे त्यांच्या त्यांच्या टाकीला लागून.